सोबतीचा कागद

माझी वहिनी लोकांच्या घरी जाऊन प्रश्न विचारते. एकूण चौसष्ट. ते तिचं पोटापाण्याचं काम आहे. कुणी तिला हाकलून देत नाही. उलट बहुतेक जण खुर्ची पुसून पुढे करतात आणि दोन-दोन तास बोलत बसतात. ज्या घरात विसरण्याचा आजार झालेलं माणूस आहे अशीच घरं तिला हवी असतात. डॉक्टर त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात, घरचे 'त्यांचं ते' म्हणतात. अशा माणसाला दवाखान्यातून घरी आणलं, घरातून केंद्रात ठेवलं, केंद्रातून परत आणलं, की दर खेपेला नेमकं काय बिघडतं, आणि त्याचं सगळं करणाऱ्याला वर्षाकाठी चार दिवस तरी उसंत मिळते का, हे तिच्या संस्थेला शोधून काढायचं आहे. ऑफिसात तिला पाठीमागे चौसष्टबाई म्हणतात. तिला ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही.

मी तिची नणंद. लग्नाच्या भानगडीत पडले नाही. सत्तावीस वर्षं एका छापखान्यात प्रूफं तपासली, म्हणजे लोकांच्या चुकांना लाल शाईनं खुणा केल्या. छापखाना बंद पडला, आणि पुढच्याच महिन्यात दादाच्या आजाराचं निदान झालं. दादा म्हणजे माझा भाऊ, तिचा नवरा. कुणी काही बोललं नाही, ठरवलं नाही, पण दिवसाची पाळी आपोआप माझ्याकडे आली. सकाळी साडेआठला वहिनी पायात चप्पल सरकवायची आणि संध्याकाळी सात वाजता परत यायची. मधले साडेदहा तास मी आणि दादा. मला विचारलं कुणीच नाही, आणि तेही प्रश्न विचारणं हाच ज्या घरातला धंदा त्या घरात.

वहिनीला मी नावं ठेवते, पण तिचं काम मला माहीत आहे आणि ते खोटं नाही. आधी ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. दिवसभर कानाला यंत्र लावून दोन अनोळखी माणसांना जोडून द्यायचं आणि स्वतः गप्प राहायचं. ते काम यंत्रांनी गिळलं तेव्हा संस्थेनं तिला घेतलं, कारण तिच्याइतकं गप्प राहून ऐकणारं दुसरं कुणी त्यांना मिळालं नाही. उत्तर मिळालं की ती मनात पाच आकडे मोजते आणि मगच पुढचा प्रश्न विचारते. ती सांगते, की खरं उत्तर तिसऱ्या आणि चौथ्या आकड्याच्या मध्ये येतं.

तिचा पहिलाच प्रश्न असा : रोज सगळ्यात जास्त तास त्यांच्यासोबत कोण असतं? ह्या प्रश्नाला लोक बिनदिक्कत खोटं बोलतात. खोटं बोलतोय हे त्यांना कळतही नाही. मुलगा छाती पुढे काढून 'मीच' म्हणतो आणि सून स्वयंपाकघराच्या दारात ओले हात घेऊन उभी असते. वहिनीनं त्यावर एक युक्ती काढली होती. थोड्या वेळानं ती सहज विचारते, 'त्यांचा जादाचा चष्मा कुठे असतो हो?' मुलगा इकडेतिकडे बघायला लागतो आणि दारातून आवाज येतो, 'उशीच्या खोळीत.' तसं वहिनी वहीत पहिल्या प्रश्नाचं उत्तर खोडून नवं लिहिते. एकशे बारा घरांपैकी चाळीस घरांत तिनं हे असं पकडलं. घरी येऊन चपला काढताना ती मला हे सांगायची आणि आम्ही दोघी त्या मुलांना हसायचो.

सोबतीचा कागद ही तिचीच कल्पना. दोन पानं. माणूस घरातून कुठेही ठेवायला निघाला, की त्याच्या कपड्यांच्या पिशवीत हा कागद जायचा. कुठल्या हाकेला ओ देतो, कशाला घाबरतो, अंघोळीला कसा तयार होतो, जेवतो कसा. घरच्यांना ती बजावायची, 'ते कसे होते ते लिहू नका, आज कसे आहेत ते लिहा. आणि ज्याच्या हातून घास जातो, त्यालाच लिहायला बसवा.' शहरातल्या तीन केंद्रांत तिनं स्वतः जाऊन तिथल्या आयांना आणि नर्सेसना शिकवलं, की कागदात लिहिलंय त्याच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. तुमचं डोकं चालवू नका, कागद चालवा, असं तिचं म्हणणं.

आता दादाच्या जेवणाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यापाशी आहे.

दादा एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. छत्तीस वर्षं. त्याच्या स्टोअरमधून चिठ्ठीशिवाय साधा खिळाही बाहेर जात नसे. खुद्द मॅनेजर एकदा चिठ्ठी न आणता बल्ब मागायला आला, तेव्हा दादानं त्याला खिडकीबाहेर उभं केलं होतं. ही गोष्ट तो प्रत्येक पाहुण्याला सांगायचा आणि पाहुणे उठायच्या बेतात असले तर दोनदा सांगायचा. आजारानं त्याचं खूप काही नेलं, पण ही खिडकी राहिली. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी त्यानं ताट पुढे सारलं. भात, भाजी, सगळं त्याच्या आवडीचं. तीन दिवस मी आर्जवं केली, रागावले, चमचा तोंडाशी नेला. तो दात आवळून बसायचा. चौथ्या दिवशी माझा धीर सुटला आणि मी म्हटलं, 'अरे, झालंय तरी काय तुला?' तर म्हणाला, 'चिठ्ठी कुठंय?'

मी एका कोऱ्या कागदाचा तुकडा फाडला. 'भात वाटी एक, भाजी एक, चमचा एक' असं लिहून खाली सही ठोकली. त्यानं चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, ओळी वाचल्या, सही निरखली, आणि ताट जवळ ओढून मुकाट्यानं जेवला. मी रडायचंच बाकी ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच्या जुन्या सामानातून कागद टोचायची उभी तार शोधून काढली, लाकडी बैठकीची. मग रोज साडेबारा वाजता मी टेबलाच्या अलीकडे आणि तो पलीकडे. मी चिठ्ठी द्यायची, त्यानं तपासायची, तारेवर टोचायची, मग जेवायचं. मी कोण हे त्याला बहुतेक दिवस कळत नसे. मला तो मॅडम म्हणायचा. एकदा मुद्दाम एका चमच्याच्या जागी मी दोन चमचे लिहिले, तर त्यानं चिठ्ठी परत केली आणि म्हणाला, 'मॅडम, लक्ष कुठंय?' सत्तावीस वर्षांत माझ्या छापखान्यात कुणी मला असं म्हणायची हिंमत केली नव्हती.

संध्याकाळी तो पेंगुळलेला असायचा. वहिनी आल्यावर दुधाचा पेला हातात द्यायची, तो पिऊन झोपायचा; दुधाला त्याला चिठ्ठी लागत नसे. तिनं त्याला जेवताना दीड वर्षात पाहिलंच नव्हतं. सुटीच्या दिवशीही ती दुपारी मुलाखतींच्या टेपवरचं लिहून काढत असायची. 'जेवले ना?' ती विचारायची. मी 'जेवला' म्हणायचे. चिठ्ठीचं तिला सांगायला मी एकदा गेले होते. तार हातात घेऊन गेले होते, दाखवायला. ती फोनवर होती, कुणाच्या तरी सासूबद्दल बोलत होती. हातानंच तिनं मला थांब म्हटलं, मग फोनवर तळवा ठेवून म्हणाली, 'जेवले ना? मग झालं तर.' मी तार घेऊन परत आले. त्यानंतर मी सांगितलं नाही. खरं तर मग मला सांगायचंही नव्हतं. घरातली एक गोष्ट अशी होती, जी चौसष्टबाईंच्या वहीत नव्हती आणि माझ्याजवळ होती. ह्यात मला बरं वाटायचं. हे कबूल करायला आज जड जातं, पण होतं ते होतं.

गेल्या वर्षी संस्थेचा अहवाल समितीपुढे मांडायचा ठरला. अशी थोड्या दिवसांची केंद्रं सरकारनं चालवावीत की नाही, ते त्यावर ठरणार होतं. वहिनीला दहा दिवस हवे होते. ती म्हणाली, 'लोकांना सांगतो केंद्रात ठेवा म्हणून, मग आपणच का नाही ठेवून बघत?' स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली. जाता जाता आणखी म्हणाली, 'तुलाही जरा मोकळं होता येईल.' मी हातातलं भांडं घासत राहिले.

एका रविवारी दुपारी तिनं दादाचा सोबतीचा कागद भरला. टेबलापाशी बसली ती तासाभरानं उठली. मधे एकदाही उठली नाही, एकदाही मला हाक मारली नाही. मग कागद तसाच चष्म्याखाली ठेवून ती आडवी झाली. मी तो वाचला. समोर लिहिलेला कागद असला की मी वाचते, ती माझी खोड आहे. पहिलीच ओळ : 'रोज सगळ्यात जास्त तास सोबत : पत्नी.' माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पुढे वाचत गेले. 'शांत स्वभाव. वर्तमानपत्र चाळायला आवडतं.' वर्तमानपत्र त्यानं दोन वर्षांत हातात धरलं नव्हतं. आणि दुसऱ्या पानावर, तिच्या सुबक अक्षरात : 'जेवण : स्वतः जेवतात. अडचण नाही.'

शेवटी संपर्कासाठी तिचा फोन नंबर होता. घाईत दोन आकडे उलटे पडले होते.

मी माझं लाल पेन आणलं, ते दोन आकडे नीट केले, समासात खूण केली, आणि कागद होता तसा चष्म्याखाली ठेवला. बाकी एका ओळीलाही हात लावला नाही. जिला विचारायची गरज वाटत नाही तिला मी आपण होऊन का सांगू? एवढंच डोक्यात होतं. ती विचारेल तेव्हा सांगू. पिशवी भरताना तरी विचारेल.

पिशवी मीच भरली. तार शेल्फवरून उचलली, हातात धरली. कुणाला तरी टोचेल, केंद्रात चालणार नाही, असं स्वतःला सांगितलं आणि परत शेल्फवर ठेवली.

पहिले चार दिवस केंद्रातून निरोप यायचा, रुळतायत हळूहळू. वहिनी सकाळी बाहेर पडायची ती अहवालातच बुडालेली असायची. मी मोकळी झाले होते. पण साडेबारा वाजले की मी टेबलापाशी येऊन उभी राहायचे. कपाटं झाली, माळा झाला, चादरी झाल्या. चौथ्या दिवशी मी फोन उचलून केंद्राचा नंबर लावला. कुणीतरी बाई बोलल्या. 'जेवतात का?' मी विचारलं. 'ताट ठेवतो ना रोज,' त्या म्हणाल्या. 'तुम्ही कोण?' मी म्हटलं, बहीण. त्या म्हणाल्या, 'कागदावर बाईंचंच नाव आहे, त्यांनाच सांगू आम्ही.' मी फोन ठेवला. तेव्हा रिक्षा करून गेले असते तर, हे मी रोज म्हणते.

पाचव्या दिवशी दादा न्हाणीघराच्या दारात कोसळला. लाल शाईतल्या त्या नंबरावर फोन आला, म्हणून वहिनी वेळेत पोचली. ते दोन आकडे मी सुधारले नसते तर कदाचित तासभर आणखी गेला असता. ह्यासाठी माझं कुणी कौतुक करू नये.

केंद्रातली आया दवाखान्यापर्यंत सोबत आली होती. रडवेली झाली होती. वहिनीला म्हणाली, 'बाई, कागदात लिहिलंय स्वतः जेवतात, अडचण नाही. तुम्हीच सांगितलेलं, कागदाच्या बाहेर जायचं नाही. आम्ही ताट ठेवायचो, अर्ध्या तासानं उचलायचो. मला वाटलं मन रमत नसेल. एकदा भरवायला गेले तर हात झटकला त्यांनी. संध्याकाळी दूध घ्यायचे मात्र.' वहिनीनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला घरी पाठवलं.

दादा खाटेवर होता. हाताला सलाईन, नाकात नळी. ओठांना चिरा पडल्या होत्या. पाच दिवसांत माणूस एवढा वाळतो हे मला माहीत नव्हतं. वहिनी खाटेच्या पलीकडच्या बाजूला उभी होती आणि तिच्या हातात सोबतीचा कागद होता. तिनं दुसरं पान उलटलं. लाल खूण तिला दिसली.

'हे तू केलंस?'

'हो.'

'म्हणजे वाचला होतास.'

'हो.'

ती आता काय बोलेल म्हणून मी वाट बघत राहिले. मग तिनं विचारलं, 'ते जेवतात कसे?'

आजाराच्या सहा वर्षांत तिनं मला हे पहिल्यांदा विचारलं. मी सगळं सांगितलं. ती चौसष्ट प्रश्नांसारखंच ऐकत होती, मान खाली, मधे न बोलता. ऐकून झाल्यावर तिनं पर्समधून डायरी काढली, पान फाडलं, 'दूधभात वाटी एक, चमचा एक' लिहिलं आणि खाली स्वतःची सही केली. मी थांबवलं नाही. तिनं ती चिठ्ठी दादाच्या हातात दिली. 'अहो, ही बघा चिठ्ठी.'

दादानं सलाईनच्या हातानं ती कशीबशी डोळ्यांसमोर धरली. बराच वेळ धरली. मग तिच्याकडे परत केली.

'ही सही चालत नाही,' तो म्हणाला. आवाज इतका बारीक होता की आम्हाला वाकावं लागलं. 'मॅडमची आणा.'

वहिनीनं डायरीचं दुसरं पान फाडून माझ्यापुढे धरलं. मी लिहिलं, सही केली. त्यानं सही पाहिली, चिठ्ठी टोचायला हातानंच तार शोधली, सापडली नाही, म्हणून उशीखाली सरकवली. नर्सला विचारून मी तीन चमचे दिले. तीनच. चौथ्याला तो झोपला.

वहिनी खोलीत नव्हती. बाहेर पिण्याच्या पाण्याच्या मशीनशेजारी एका बाकावर बसली होती. मला पाहून म्हणाली, 'चाळीस घरांत मी हेच पकडलं.' मी शेजारी बसले. 'तुझा राग यायला हवा मला,' ती म्हणाली, 'तो येत नाहीये. यायचा असेल तेव्हा येऊ दे.' मी म्हटलं, 'येऊ दे.' ती तिथेच बसून राहिली आणि मी परत आत गेले.

अहवाल दुसऱ्याच कुणीतरी मांडला. तिनं फक्त त्यात एक पान वाढवून पाठवलं. त्यात घर क्रमांक एकशे तेरा असं होतं, पहिल्या प्रश्नाचं उत्तर खोडून नवं लिहिलं होतं. तिच्या साहेबांनी फोन करून सांगितलं, की स्वतःचं घर असं धरता येत नाही, नियमात बसत नाही. ती म्हणाली, 'नसेल बसत.' आणि फोन ठेवला.

दादाला घरी आणायला तीन आठवडे लागले. घरी आल्यावर पहिल्या शनिवारी, तो झोपलेला असताना, वहिनीनं टेबलावर तिचा टेप ठेवला आणि मला म्हणाली, 'लावू का?' मला हसू आलं. एवढी वर्षं एका घरात राहून ही बाई परवानगी विचारतेय. पण ती हसत नव्हती. मी म्हटलं, 'लाव.'

पहिला प्रश्न तिनं सगळीकडे विचारते तसाच विचारला आणि मी उत्तर दिलं. पुढे चष्म्याचा प्रश्न आला. 'जादाचा चष्मा कुठे असतो?' मी म्हटलं, 'तो चष्माच वापरत नाही आता, वहिनी. आठ महिने झाले. काढून ठेवलाय डब्यात.' तिनं लिहिलं. तिचा हात किंचित थांबला, मग पुन्हा लिहू लागला. रात्री किती वेळा उठतो, हात कधी उगारतो, मला शेवटची सुटी कधी मिळाली, पाठ दुखते का, कधी वाटतं का की हे संपावं. ह्यावर मी 'नाही' म्हटलं. तिनं पाच मोजले. मी 'हो' म्हटलं.

चौसष्टावा प्रश्न : सांगायचं राहून गेलं असं काही?

'तार मी पिशवीत ठेवणार होते,' मी म्हटलं. 'हातात घेतली होती. ठेवली नाही. तुझ्यावर राग होता म्हणून ठेवली नाही.'

ती मोजत होती हे मला कळत होतं. मीही मोजायला लागले. पाच झाले, दहा झाले. तेराव्याला तिनं टेप बंद केला.

'तू एकदा ती तार घेऊन माझ्याकडे आली होतीस,' ती म्हणाली. 'मी फोनवर होते. मला आठवतंय ते.'

एवढंच. ती उठली, तिनं दोघींसाठी चहा केला. साखर जास्त पडली होती. आम्ही प्यालो.

दादा स्टोअरमध्ये असताना नेहमी म्हणायचा, की चार्ज, म्हणजे स्टोअरचा ताबा, नुसता कागदावर देता-घेता येत नाही. देणारा आणि घेणारा दोघं फळीसमोर उभे राहिले पाहिजेत, एकेक वस्तू हातात घेऊन दाखवली पाहिजे, मग दोघांच्या सह्या. हे मीच वहिनीला सांगितलं आणि तिला ते एकदम पटलं. दवाखान्यात तो माझ्या सहीवर जेवला होता. घरी आल्यापासून मात्र पातळसर पेज चमच्यानं दिली की गिळत होता, चिठ्ठीचं नाव त्यानं काढलं नव्हतं. तब्येतीमुळे असेल असं आम्ही धरून चाललो होतो. डॉक्टरांनी ताट सुरू करायला सांगितलं त्या सोमवारी वहिनीनं रजा घेतली. साडेबारा वाजता आम्ही दोघी टेबलापाशी उभ्या राहिलो. तार मध्ये ठेवली. मी नीट चिठ्ठी लिहिली : 'आजपासून ह्यांची सही चालेल.' खाली माझी सही, शेजारी वहिनीची. खाली भात वाटी एक, भाजी एक, चमचा एक. तिच्या सहीच्या शेवटच्या वळणाला मी दोनदा पाहिलं, नीट आलंय ना म्हणून.

मी चिठ्ठी दादापुढे धरली. 'बघ रे, चार्ज देतेय.'

त्यानं ती घेतली. डोळ्यांजवळ नेली नाही. सही शोधली नाही. एकदा बोटांत फिरवली आणि तोंडात घातली.

वहिनी पुढे झाली. तिनं त्याच्या गालावर हात ठेवला, बोट आत घालून हळूच तो ओला कागद काढला, 'द्या मला, द्या,' असं म्हणत. तो रागावला नाही. तोंड तसंच उघडं ठेवून बसला. तिनं एक घास केला आणि दिला. त्यानं गिळला आणि पुन्हा तोंड उघडलं. मी भरवला, तेव्हाही उघडलं. तारेवर दीड वर्षाच्या चिठ्ठ्या होत्या, त्यांच्याकडे त्यानं पाहिलंही नाही.

डॉक्टर म्हणाले, ह्या आजारात माणूस जिना उतरतो, एखादा धक्का बसला की दोन पायऱ्या एकदम, आणि उतरलेली पायरी परत चढता येत नाही. ते पाच दिवस नसते तरी हे झालंच असतं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही.

आता वहिनी आठवड्यातून दोन दिवस घरी असते. तिनं हे कामावर मागून घेतलं. ती भरवते तेव्हा मी खाली चक्कर मारून येते. एवढ्या उजेडात एकटीनं कुठे जायचं हे मला अजून उमगत नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत जाते आणि येते. पुढच्या महिन्यात मात्र छापखान्यातल्या मैत्रिणीकडे चार दिवस जाणार आहे. त्याच केंद्रात दादाला ठेवायचं ठरलंय, कारण त्या आयेनं स्वतःहून फोन केला आणि म्हणाली, मला आणखी एकदा त्यांचं करून बघू द्या.

काल दुपारी वहिनीनं कोरा सोबतीचा कागद टेबलावर ठेवला, पेन माझ्याकडे सरकवलं आणि समोर बसली. मी म्हटलं, तूच लिही, तुझं अक्षर चांगलं आहे, मी सांगते. 'रोज सगळ्यात जास्त तास सोबत :' तिनं विचारलंही नाही. 'बहीण' असं लिहिलं. मी सांगत गेले, ती लिहीत गेली. हाकेला ओ देत नाही, पण खांद्याला हात लावला की वळून बघतो. पाण्याच्या आवाजाला घाबरतो. दिवा एकदम लावू नये.

मग ती थांबली. 'जेवण?' तिनं विचारलं.

मला शेल्फवरची तार दिसत होती. मी पाच मोजले.

'कुणीही भरवलं तरी जेवतो,' मी म्हटलं. 'अडचण नाही.'

तिनं तसंच लिहिलं, आणि कागद माझ्यापुढे केला, तपासायला. मी लाल पेन घेऊन दोन्ही पानं वाचली. एकही चूक नव्हती.